बूट मेनूतील जुने कर्नेल: काय काढावे, काय राखावे

जानेवारी २०१८ मध्ये उबुंटू १६.०४ ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या काही जणांचे संगणक एका अद्ययावतीकरणानंतर सुरूच होईनासे झाले. प्रोसेसरांमध्ये आढळलेल्या 'मेल्टडाउन' या गंभीर त्रुटीवर उपाय म्हणून ४.४.०-१०८ या क्रमांकाचा कर्नेल वितरित करण्यात आला होता आणि काही यंत्रांवर नेमका तोच कर्नेल आरंभीच अडकून पडत होता. दुरुस्ती केलेला ४.४.०-१०९ हा कर्नेल लगोलग उपलब्ध झाला. परंतु जो संगणक सुरूच होत नाही, त्यावर दुरुस्ती उतरवून घ्यायची कशी, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर संगणक सुरू होताना क्षणभर दिसणाऱ्या, एरवी अडगळ वाटणाऱ्या यादीत होते. बूट मेनूतून आधीचा कर्नेल निवडला की यंत्र पूर्ववत सुरू होत होते आणि मग नवी दुरुस्ती घेता येत होती.

ज्यांनी त्याच्या आदल्या दिवशी 'स्वच्छता' म्हणून सगळे जुने कर्नेल काढून टाकले होते, त्यांच्यापुढे हा मार्ग उरला नव्हता.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुने कर्नेल कधीच न काढणाऱ्या संगणकावर एक दिवस असा येतो, की नवा कर्नेल ठेवण्यास जागाच उरत नाही आणि सुरक्षाविषयक सर्व अद्ययावतीकरण ठप्प होते. म्हणजे जुन्या नोंदी काढल्याच पाहिजेत, मात्र सगळ्या काढता कामा नयेत. कोणत्या काढाव्यात आणि त्या कोणत्या मार्गाने काढाव्यात, याचे उत्तर ही यादी मुळात कशी तयार होते यात आहे.

यादी का वाढते?

कर्नेल हा लिनक्स प्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, हार्ड डिस्क, कळफलक, नेटवर्क या सर्वांशी प्रत्यक्ष व्यवहार तोच करतो. संगणक सुरू झाल्यावर कोणता कर्नेल स्मृतीत आणायचा, हे ठरविण्याचे काम बूटलोडर नावाचा लहानसा प्रोग्राम करतो. बहुतेक लिनक्स वितरणांमध्ये तो 'ग्रब' असतो. ग्रबच्या पडद्यावरील यादी म्हणजेच बूट मेनू.

ब्राउझर किंवा शब्दसंस्कारक अद्ययावत केला, की नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. डेबियन आणि उबुंटूमध्ये कर्नेलच्या बाबतीत तसे होत नाही, कारण तेथे कर्नेलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक गुंफलेला असतो. ४.४.०-१०८ आणि ४.४.०-१०९ ही पॅकेज व्यवस्थेच्या दृष्टीने एकाच वस्तूची दोन रूपे नसून दोन स्वतंत्र वस्तू आहेत. दुसरी आल्याने पहिली जात नाही. ही हेतुपुरस्सर केलेली रचना आहे, कारण चालू असलेला कर्नेल पायाखालून काढून घेणे धोक्याचे असते.

नवा कर्नेल बसविला गेला, की बूट निर्देशिकेत त्याच्या फाइली येतात. 'व्हीएमलिनझ' ही कर्नेलची मूळ फाइल, 'इनिटआरडी' ही आरंभी लागणाऱ्या चालकांची म्हणजे ड्रायव्हरांची शिदोरी, आणि त्यांच्या जोडीला 'सिस्टिम मॅप' व 'कॉन्फिग' या दोन फाइली. त्यानंतर ग्रबची एक स्क्रिप्ट बूट निर्देशिका तपासते आणि सापडलेल्या प्रत्येक व्हीएमलिनझ फाइलसाठी मेनूत एक साधी व एक दुरुस्ती अवस्थेची, अशा दोन नोंदी करते. पाच कर्नेल असतील तर दहा ओळी होतात. थोडक्यात, मेनू ही स्वतंत्र यादी नसून डिस्कवर जे आहे त्याचे ते प्रतिबिंब आहे. आरशावरचा डाग पुसून चेहऱ्यावरचा जात नाही, तसेच येथे होते.

'ग्रब लेगसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ग्रबच्या काळात मेनूची फाइल हाताने बदलण्याचीच रीत होती. डेबियन व उबुंटूच्या त्या फाइलीत 'हाउमेनी' नावाची एक ओळ असे. तिच्यासमोरचा 'ऑल' हा शब्द बदलून २ हा आकडा लिहिला, की मेनूत दोनच कर्नेल दिसत. गंमत अशी, की ती ओळ टिप्पणीच्या चिन्हाने सुरू होत असे आणि तरीही वाचली जात असे. चिन्ह काढून टाकू नका, अशी सूचना त्याच फाइलीत द्यावी लागली होती. या उपायाने पडदा सुटसुटीत होई; डिस्कवरचे कर्नेल मात्र होते तिथेच राहत. उबुंटूने ऑक्टोबर २००९ मधील ९.१० या आवृत्तीपासून नव्या स्थापनेसाठी ग्रब २ स्वीकारला. पुढे जुने कर्नेल 'प्रगत पर्याय' या उपमेनूत गेले. पहिल्या पडद्यावरची गर्दी सरली आणि साठत चाललेल्या कर्नेलकडे पाहण्याचे कारणही संपले. नंतर अनेकांना ती अडचण थेट डिस्क भरल्याचा संदेश आल्यावरच कळली.

जागेचा हिशेब

व्हीएमलिनझ फाइल साधारण ७ ते १५ मेगाबाइटची असते. इनिटआरडी मात्र ४० मेगाबाइटपासून १०० मेगाबाइटच्याही पुढे जाते. याखेरीज मूळ डिस्कवर प्रत्येक कर्नेलच्या मॉड्यूल्सची स्वतंत्र निर्देशिका असते आणि ती काहीशे मेगाबाइट व्यापू शकते. आजच्या मोठ्या डिस्कवर दोन-चार कर्नेल सहज खपून जातात. अडचण येते ती बूट निर्देशिका वेगळ्या पार्टिशनवर असते तेव्हा. संपूर्ण डिस्कचे कूटबद्धीकरण किंवा 'एलव्हीएम' हा पर्याय निवडल्यास उबुंटू असे वेगळे पार्टिशन करते आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये त्याचा आकार जेमतेम अडीचशे मेगाबाइट असे. चार-पाच कर्नेल झाले, की ते काठोकाठ भरत असे.

भरलेल्या पार्टिशनवर नवा कर्नेल येऊ लागला, की व्हीएमलिनझ कशीबशी मावते. इनिटआरडी लिहिताना मात्र जागा संपते. पॅकेज अर्धवट बसलेल्या अवस्थेत अडकते. त्यानंतर कोणतेही दुसरे पॅकेज बसवू किंवा काढू गेल्यास 'एपीटी' आधी हे अर्धे काम पूर्ण करण्याचा आग्रह धरते, आणि ते काम जागेअभावी पुन्हा फसते. अर्धवट कर्नेलमुळे जुना कर्नेल काढता येत नाही आणि जुना काढल्याशिवाय नवा पूर्ण होत नाही, असा हा पेच. दरम्यान ब्राउझरपासून सर्व्हरच्या सुरक्षा प्रणालीपर्यंत सारे अद्ययावतीकरण थांबलेले असते. पडद्यावर मोठी सूचना येईलच याची खात्री नसते, त्यामुळे कित्येक दिवस हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

घरच्या एका संगणकापेक्षा हा प्रश्न प्रयोगशाळा आणि कार्यालयांमध्ये अधिक जाणवतो. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही डेबियनवर आधारित प्रणाली असो वा केरळमधील शाळांसाठी 'काइट' या संस्थेने तयार केलेली उबुंटूवर आधारित प्रणाली असो, कर्नेलची पॅकेजे ठेवण्याची पद्धत त्यांना डेबियन घराण्याकडूनच मिळालेली आहे. जेथे एकाच वेळी वीस-पंचवीस यंत्रांची देखभाल एका शिक्षकाकडे असते, तेथे 'जुने सगळे उडवा' हा मोह समजण्यासारखा असला, तरी तो महागात पडू शकतो.

आधी रीबूट, मग सफाई

पुढील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत व लहान अक्षरांत टाइप कराव्या लागतात.

पहिली पायरी अनेक जण गाळतात. ती म्हणजे संगणक एकदा बंद करून नव्या कर्नेलवर सुरू करणे. नवा कर्नेल बसविला गेला म्हणजे तो चालू झाला असे नव्हे. महिनोन्‌महिने बंद न होणारा सर्व्हर आजही जुन्याच कर्नेलवर चालत असू शकतो. 'युनेम -आर' ही आज्ञा दिल्यास या क्षणी कोणता कर्नेल चालू आहे ते कळते. तो क्रमांक कागदावर टिपून ठेवावा. त्यानंतर दोन-तीन दिवस नेहमीचे काम करून वाय-फाय, पडदा, ध्वनी, छपाई आणि लॅपटॉप झोपेतून जागा होणे हे सर्व सुरळीत आहे का ते पाहावे. पडद्याचे किंवा वाय-फायचे चालक ज्या यंत्रांवर निराळे बसविलेले असतात, तेथे नव्या कर्नेलसाठी ते पुन्हा घडवावे लागतात आणि बिघाड होण्याचा संभव तेथेच सर्वाधिक असतो.

नवा कर्नेल नीट चालतो अशी खात्री पटली, की 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' एवढी एकच आज्ञा पुरते. चालू असलेला कर्नेल आणि सर्वांत नव्या दोन आवृत्त्या एपीटी आपणहून राखून ठेवते व उरलेले काढते. ती काढताना मॉड्यूल्स जातात, हेडर फाइली जातात आणि शेवटी ग्रबचा मेनूही नव्याने लिहिला जातो. आज्ञा दिल्यावर काय काढले जाणार याची यादी पडद्यावर येते. ती ओळीने वाचून मगच होकार द्यावा. यादीत कर्नेलव्यतिरिक्त इतर पॅकेजेही असू शकतात, कारण एपीटीच्या लेखी अनावश्यक ठरलेली प्रत्येक वस्तू तीत येते.

काही वेळा ही आज्ञा देऊनही एखादा जुना कर्नेल हलत नाही. तो पूर्वी कोणीतरी नाव घेऊन मुद्दाम बसविलेला असतो आणि मुद्दाम बसविलेल्या वस्तूला एपीटी हात लावत नाही. अशा पॅकेजचे पूर्ण नाव देऊन 'एपीटी पर्ज' करावे लागते. एरवी अनावश्यक वाटणारी सावधगिरी नेमकी येथे कामाला येते.

फसवे आकडे

नावाने कर्नेल काढताना सर्वाधिक चुका होतात त्या क्रमांक वाचण्यात. फाइलींची साधी यादी अक्षरक्रमाने लागते. तीत ४.४.०-१०९ हा कर्नेल ४.४.०-९८ च्या आधी येतो, कारण तुलना एकेका अक्षराची होते आणि १ हा ९ च्या आधीचा. यादीतील शेवटचा तो सर्वांत नवा, असे गृहीत धरून वरचे सगळे काढणारा वापरकर्ता नेमका नवा कर्नेल घालवून बसतो. शेवटचा आकडा पूर्ण संख्या म्हणून वाचावा, एवढेच येथे पथ्य आहे.

दुसरा घोटाळा 'लिनक्स-जेनेरिक' या पॅकेजचा. त्यात कर्नेल नसतोच. सर्वांत नव्या कर्नेलकडे बोट दाखविणारे ते एक रिकामे पॅकेज आहे. आकार नगण्य आणि क्रमांक नाही, म्हणून ते निरुपयोगी समजून काढले, तर संगणक पूर्वीसारखाच चालत राहतो. फक्त त्यापुढे नवा कर्नेल कधीच येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे तात्काळ दिसणाऱ्या बिघाडापेक्षा वाईट. 'डर्टी काउ' ही ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झालेली त्रुटी २००७ पासूनच्या कर्नेलमध्ये दडलेली होती. अशा वेळी ज्या यंत्राकडे नवा कर्नेल येण्याची वाटच बंद झाली आहे, ते उघडे राहते. तारांकित चिन्ह वापरून 'लिनक्स-इमेज' ने सुरू होणारे सर्व काही काढण्याची आज्ञा अनेक जण सुचवितात. तिच्यात हे दोन्ही धोके एकवटलेले आहेत.

चालू कर्नेलच काढण्याचा प्रयत्न झाला, तर डेबियन आणि उबुंटू प्रश्न विचारून थांबतात. त्या प्रश्नाची रचना मात्र उलटी आहे. 'काढू का?' असे न विचारता 'काढणे रद्द करावे का?' असे विचारले जाते. घाईने 'नाही' म्हणणारा सुरक्षित राहण्याऐवजी कर्नेल काढण्यास संमती देतो. इतक्या नाजूक क्षणी असा प्रश्न विचारणे हा रचनेतला दोषच म्हणावा लागेल. पण तो आहे तसा लक्षात ठेवणे इष्ट.

फाइल व्यवस्थापकातून बूट निर्देशिकेतील फाइली थेट पुसून टाकण्याचा मार्गही टाळावा. व्हीएमलिनझ पुसली आणि 'अपडेट-ग्रब' चालविले, तर मेनूतली नोंद जाते खरी, परंतु पॅकेज व्यवस्थेच्या वहीत तो कर्नेल अजून बसविलेलाच असतो. त्याची मॉड्यूल्स डिस्कवर जागा अडवून बसतात. याउलट ग्रबच्या फाइलीतील ओळी खोडल्या, तर पुढच्या अद्ययावतीकरणात ती फाइल नव्याने लिहिली जाते आणि खोडलेल्या नोंदी परततात.

बूट पार्टिशन भरलेच असेल तर

वर सांगितलेल्या पेचात सापडलेल्या यंत्रावर एपीटी उपयोगी पडत नाही. तिच्याखालचे 'डीपीकेजी' हे साधन थेट वापरावे लागते. प्रथम युनेमने चालू कर्नेल पाहावा. मग 'डीपीकेजी -एल' ने बसविलेल्या कर्नेलची यादी घ्यावी. चालू नसलेला, सर्वांत जुना असा एकच कर्नेल निवडून 'सुडो डीपीकेजी --पर्ज' आज्ञेने त्याचे पॅकेज काढावे. त्यावर अवलंबून असलेले दुसरे पॅकेज आहे अशी तक्रार आली, तर तेही त्याच आज्ञेत नाव देऊन सोबत काढावे. पन्नास-साठ मेगाबाइट मोकळे झाले, की 'सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल' ने अडकलेले काम पूर्ण होते आणि त्यानंतर ऑटोरिमूव्ह नेहमीप्रमाणे चालते.

हेही न साधल्यास सर्वांत जुन्या कर्नेलची इनिटआरडी फाइल पुसण्याऐवजी काही काळ घरच्या निर्देशिकेत हलवावी. जागा झाली की अडकलेले काम पूर्ण करावे आणि मग त्या जुन्या कर्नेलचे पॅकेज रीतसर काढावे. मधल्या काळात त्या कर्नेलवर संगणक सुरू होणार नाही, हे ध्यानात असावे.

इतर वितरणांत

फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात ही काळजी बरीचशी आधीच घेतलेली असते. 'डीएनएफ' च्या मांडणीत एकाच वेळी ३ कर्नेल ठेवण्याची मर्यादा असते; चौथा आला की सर्वांत जुना जातो, मात्र चालू कर्नेलला हात लावला जात नाही. ओपनसुसेच्या मांडणीत तर नियम शब्दांतच लिहिलेला असतो: सर्वांत नवा, त्याच्या आधीचा आणि चालू. याच्या उलट टोकाला आर्च लिनक्स आहे. तेथे नवा कर्नेल जुन्याची जागा घेतो, त्यामुळे मेनू कधीच वाढत नाही, आणि परतीची वाटही आपोआप मिळत नाही. म्हणून आर्चचे जाणते वापरकर्ते दीर्घ मुदतीचा कर्नेल हा वेगळा पर्याय जोडीला बसवून ठेवतात.

फेडोराच्या मेनूत 'रेस्क्यू' अशी एक नोंद कायम दिसते. ती प्रणाली बसविताना एकदाच तयार होते आणि पुढे नव्या कर्नेलबरोबर बदलत नाही. अनेक वर्षे जुन्या यंत्रावर ती फार मागे राहिलेली असते. जुनाट म्हणून इतरांबरोबर ती काढण्याची घाई मात्र करू नये.

विंडोज कोठे गेले?

सफाईनंतर येणारी सर्वांत सामान्य तक्रार कर्नेलविषयी नसतेच. एकाच संगणकावर विंडोज असल्यास ते मेनूतून नाहीसे झाल्याचे आढळते. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधण्याचे काम सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेले असते. त्यामुळे मेनू नव्याने लिहिला गेला की विंडोजची जुनी नोंद गळते. विंडोजच्या फाइली जागच्या जागी असतात. ग्रबच्या मांडणीत 'ओएस-प्रोबर' बंद ठेवणारा पर्याय 'फॉल्स' करून अपडेट-ग्रब पुन्हा चालविले, की नोंद परत येते.

नोंदींच्या क्रमांकाचाही असाच एक फटका बसतो. मेनूतील अमुक क्रमांकाची नोंद आपोआप निवडावी, असे ज्यांनी ठरवून ठेवले आहे, त्यांचा क्रमांक नोंदी कमी-अधिक होताच चुकतो. ही मोजणी शून्यापासून असते. जुन्या ग्रबच्या सपाट यादीत प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर विंडोज दोन ओळी खाली सरकत असे आणि घरातील मंडळींना सकाळी विंडोजऐवजी स्मृती तपासणीचा निळा पडदा दिसत असे. क्रमांकाऐवजी 'सेव्हड' हा पर्याय वापरल्यास असे होत नाही.

एकाच यंत्रावर दोन लिनक्स असतील, तर प्रत्येकाचे कर्नेल त्याच्या त्याच्या प्रणालीत शिरूनच काढावे लागतात. त्यानंतर ज्या प्रणालीचा ग्रब मेनू दाखवितो, तिच्यात येऊन अपडेट-ग्रब चालवावे लागते. तोवर काढून टाकलेल्या कर्नेलच्या नोंदी मेनूत दिसत राहतात आणि निवडल्यास फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो.